माकडाच्या मेंदूतला चेहऱ्यांचा कोड: लॅपटॉपवर मॉडेल बांधून स्वतः तपासायचा असेल तर

मेंदू चेहरा कसा ओळखतो यावर वाचायला भरपूर मिळतं, पण हातात घेऊन करून बघायला फार कमी मिळतं, आणि हा विषय असा आहे की तो केल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणून हा लेख. थोडं पायथॉन येत असेल, बारावीपर्यंतचं व्हेक्टरचं गणित आठवत असेल आणि गूगल कोलॅबचं फुकटचं खातं असेल तर पुरे, जीपीयू फक्त शेवटी शेवटी लागेल. २०१७ मध्ये कॅलटेकमध्ये ले चँग आणि डोरिस त्साओ यांनी माकडांना चेहरे दाखवून न्यूरॉनचा रिस्पॉन्स मोजला आणि त्यावरून चेहरे परत बनवले, त्याचा सांगाडा आपण बांधणार आहोत, फक्त खऱ्या न्यूरॉनच्या जागी आपण बनवलेले न्यूरॉन असतील. त्याचा एक मोठा फायदाही आहे, खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे आपली पद्धत ते उत्तर शोधू शकते का हे तपासता येतं.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, सगळा लेख त्यावरच उभा आहे. मॉडेलने न्यूरॉनचा रिस्पॉन्स चांगला प्रेडिक्ट केला म्हणजे मेंदू तसंच करतो असं अजिबात होत नाही. न्यूरॉन कशाला प्रतिसाद देतो हे सगळेच बघतात, पण तो कोणत्या बदलाकडे साफ दुर्लक्ष करतो हे बघितलं की दोन मॉडेलमधला खरा फरक बाहेर येतो.

थोडी पार्श्वभूमी, कारण नावं पुढे लागतील

माकडाच्या मेंदूत कानशिलाच्या बाजूला खालच्या अंगाला इन्फिरोटेम्पोरल कॉर्टेक्स असतो, त्याला सगळे आयटी म्हणतात. चार्ल्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांना तिथे असे न्यूरॉन सापडले जे चेहरा दाखवला की जोरात फायर करतात. पुढे एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणारं स्कॅन) आल्यावर कळलं की हे न्यूरॉन इकडेतिकडे विखुरलेले नाहीत, त्यांचे ठरावीक पुंजके आहेत, त्यांना फेस पॅच म्हणतात. २००६ मध्ये त्साओ, फ्रायवाल्ड, टूटेल आणि लिव्हिंगस्टन यांनी मधल्या पॅचमध्ये इलेक्ट्रोड घातला तर दृश्याला प्रतिसाद देणारे ९७ टक्के न्यूरॉन चेहऱ्यांचेच निघाले! मकाक जातीच्या माकडाच्या मेंदूत असे सहा पॅच दोन्ही बाजूंना असतात, त्यातले मधले एमएल आणि एमएफ, पुढे एएल, आणि अगदी पुढचा एएम, एवढे आपल्याला पुरतात.

आता प्रश्न असा की या पॅचमधला एक न्यूरॉन नक्की काय सांगत असतो. दोन मोठी उत्तरं आहेत. एक, प्रत्येक न्यूरॉनचा एक लाडका चेहरा असतो, दिसणारा चेहरा त्याच्या जितका जवळ तितका रिस्पॉन्स जास्त, याला एक्झेंप्लर मॉडेल म्हणू. दुसरं, न्यूरॉनला लाडकं असं कोणी नसतं, त्याची फक्त एक दिशा असते, आणि चेहरा त्या दिशेत किती पुढे आहे तेवढंच तो मोजतो, याला ॲक्सिस मॉडेल म्हणू. दोन्हीसाठी चेहऱ्यांचा एक 'अवकाश' लागतो ज्यात प्रत्येक चेहरा म्हणजे एक बिंदू, ही फेस स्पेसची कल्पना टिम व्हॅलेंटाइन यांनी १९९१ मध्ये मांडली. तो अवकाश बांधणं हेच आपलं पहिलं काम.

पायरी १: फोटो

सायकिट-लर्न या पायथॉन लायब्ररीमध्ये ऑलिव्हेटी चेहऱ्यांचा सेट एका ओळीत मिळतो, ४० माणसं, प्रत्येकाचे १० फोटो, ६४ बाय ६४ पिक्सेल. हात साफ करायला तो ठीक आहे पण पुढच्या कामाला नाही, फोटो फार लहान आहेत आणि डोकं थोडं इकडे तिकडे वळलेलं आहे. ब्राझीलमधल्या एफईआय विद्यापीठाचा फेस डेटाबेस घ्या. त्यात २०० माणसं आहेत, प्रत्येकाचे १४ फोटो, म्हणजे २८०० फोटो, पांढरी पार्श्वभूमी, आणि चेहरा एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत वळवलेला. चँग आणि त्साओ यांनी आपला फेस स्पेस याच डेटाबेसमधल्या समोरून काढलेल्या २०० चेहऱ्यांवरून बांधला होता, त्यामुळे आपणही तेच घेतोय. वापराच्या अटी वाचूनच डाउनलोड करा, संशोधनासाठी दिलेला डेटा आहे, त्यात खऱ्या माणसांचे चेहरे आहेत, ते कुठल्या तरी रीलमध्ये टाकायचे नाहीत.

काहींना वाटेल आपल्याच लोकांचे फोटो घेऊ, कॉलेजच्या बॅचचे वगैरे. जरूर घ्या, लेखी परवानगी घेऊन, कारण फेस स्पेस कोणत्या चेहऱ्यांवरून बांधला त्यावर त्याचे अक्ष, म्हणजे चेहरे ज्या दिशांनी एकमेकांपासून वेगळे होतात त्या, ठरतात आणि दुसऱ्या वंशाचे चेहरे एकमेकांसारखे का वाटतात याचं स्पष्टीकरणही व्हॅलेंटाइन यांनी याच कल्पनेतून दिलं होतं. फक्त टिकली, चष्मा, दाढी यांचं आधी ठरवा. निम्म्या मुलींना टिकली आणि निम्म्यांना नाही असं असेल तर त्या एका ठिपक्यात तुमचा एखादा अक्ष खर्ची पडू शकतो, आणि नंतर तुम्ही बसाल त्याचा अर्थ लावत.

पायरी २: लँडमार्क, म्हणजे आकार आणि रूप वेगळं करणं

ही पायरी लोक टाळतात आणि थेट पिक्सेलवर पीसीए (डेटा ज्या दिशांनी सगळ्यात जास्त पसरलेला आहे ते अक्ष शोधायची पद्धत) लावतात. तसं केलं की आयगनफेस मिळतात, सिरोविच आणि कर्बी यांनी १९८७ मध्ये आणि टर्क आणि पेंटलंड यांनी १९९१ मध्ये हेच केलं होतं, आणि इंजिनियरिंग म्हणून ते जबरदस्त होतं. पण दोन माणसांचे डोळे थोडे वेगळ्या उंचीवर असले की पिक्सेलची सरासरी धूसर होते, भुवईच्या जागी पापणी येते, आणि अक्ष हलवला की चेहरा बदलण्याऐवजी दोन चेहरे एकमेकांवर छापल्यासारखे दिसतात.

त्यापेक्षा असं करा. प्रत्येक फोटोवर ठरावीक बिंदू शोधा, डीलिब नावाच्या लायब्ररीचं तयार मॉडेल ६८ बिंदू देतं, डोळ्यांचे कोपरे, भुवया, नाक, ओठ, जबड्याची कडा. हे बिंदू प्रोक्रस्टीस पद्धतीने एकमेकांवर बसवा म्हणजे कॅमेऱ्याचं अंतर आणि मानेचा तिरकेपणा निघून जाईल. सगळ्यांची सरासरी काढा, तो सरासरी आकार. आता प्रत्येक फोटो त्रिकोणांत तोडून असा ताणायचा की त्याचे बिंदू सरासरी आकारावर येतील, सायकिट-इमेजमध्ये पीसवाइज अफाइन नावाने हे तयार आहे. ताणून झालं की प्रत्येक माणसाच्या दोन गोष्टी तुमच्याकडे आल्या: बिंदू कुठे होते तो आकार, आणि आकार काढून घेतल्यावर उरलेली कातडी, सावल्या, रंग, डोळ्यांचा काळेपणा, ते रूप. टिम कूट्स आणि सहकाऱ्यांचं ॲक्टिव्ह अपिअरन्स मॉडेल ते हेच.

सगळे २०० फोटो डोळ्याने बघा, खरंच सगळे. जबड्याचे बिंदू दाढीवर किंवा केसांवर गेलेले असतात, ते हाताने नीट करा नाहीतर पहिलाच आकाराचा अक्ष 'डीलिब कुठे चुकलं' हाच निघेल.

पायरी ३: दोन पीसीए

बिंदूंवर एक पीसीए, २५ अक्ष ठेवा. ताणलेल्या फोटोंवर दुसरा पीसीए, त्याचेही २५. एकूण ५०. प्रत्येक अक्षावरचे आकडे स्टँडर्ड डेव्हिएशनने भागून घ्या म्हणजे सगळे एका मापात येतात. आता कोणताही चेहरा म्हणजे ५० आकड्यांची यादी, आणि उलटही खरं, कोणतेही ५० आकडे द्या, चेहरा बनवता येतो: रूपाचे २५ वापरून सरासरी आकारातलं चित्र, मग आकाराचे २५ वापरून ते ताणायचं. एकेक अक्ष उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत हलवून चित्रं बघा, यात एक संध्याकाळ सहज जाते आणि ती वाया जात नाही. यानंतर गॉसियनमधून (घंटेच्या आकाराच्या वितरणातून) ५०-५० आकडे काढून २००० नवे चेहरे बनवा, मूळ प्रयोगातही माकडांना असेच बनवलेले २००० चेहरे दाखवले होते.

पायरी ४: न्यूरॉन बनवणं

दोन जाती बनवा, प्रत्येकी शंभर. ॲक्सिस न्यूरॉनसाठी ५० आकड्यांची एक रँडम दिशा निवडा, तिची लांबी १ करा, चेहऱ्याचा तिच्याशी डॉट प्रॉडक्ट घ्या, झाला रिस्पॉन्स. एक्झेंप्लर न्यूरॉनसाठी एक लाडका चेहरा निवडा आणि दिसणाऱ्या चेहऱ्याचं त्याच्यापासूनचं अंतर गॉसियनमध्ये घाला. गॉसियनची रुंदी ७ च्या आसपास ठेवा, कारण ५० मितींमध्ये सरासरी चेहऱ्यापासून एखाद्या रँडम चेहऱ्याचं अंतर साधारण ५० चं वर्गमूळ म्हणजे ७ च्या जरा वर असतं. रुंदी १ ठेवलीत तर न्यूरॉन जवळजवळ कधीच फायर होणार नाही. मग दोन्ही जातींत नॉइज मिसळा, प्रत्येक न्यूरॉनच्या स्वतःच्या चढउताराच्या प्रमाणात, सगळ्यांना एकच आकडा नको, कारण दोन जातींचे रिस्पॉन्स वेगळ्या मापात आहेत.

पायरी ५: फिट करणं, आणि इथे लोक फसतात ते

प्रत्येक न्यूरॉनसाठी ५० आकड्यांवरून रिस्पॉन्स सांगणारं लिनियर रिग्रेशन लावा, रिज (गुणक अवास्तव मोठे होऊ न देणारा प्रकार) वापरा, आणि दहा भागांचं क्रॉस-व्हॅलिडेशन करा, म्हणजे नऊ भागांवर शिकवायचं आणि उरलेल्या भागावर तपासायचं. क्रॉस-व्हॅलिडेशन का ते आकड्यात बघा: ज्या न्यूरॉनचा चेहऱ्याशी काडीचा संबंध नाही, निव्वळ नॉइज आहे, त्याला २०० चेहऱ्यांवर साधं रिग्रेशन लावलं आणि त्याच चेहऱ्यांवर तपासलं तर सरासरीने ५० भागिले १९९, म्हणजे जवळपास २५ टक्के व्हेरियन्स (रिस्पॉन्सचा चढउतार) 'समजावल्यासारखा' दिसतो! २००० चेहऱ्यांवर तोच आकडा अडीच टक्क्यांवर येतो. आणि खरे फोटो वापरत असाल, एका माणसाचे अनेक, तर भाग माणसांप्रमाणे पाडा, फोटोंप्रमाणे नाही, नाहीतर तोच माणूस ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही येतो.

खरा डेटा असेल तर नॉइज सीलिंगही, म्हणजे नॉइजमुळे मॉडेल जास्तीत जास्त किती जुळू शकतं ती मर्यादा, काढावं लागतं. तोच चेहरा अनेकदा दाखवलेला असतो, त्या फेऱ्यांचे दोन गट करून त्यांच्यातलं कोरिलेशन काढा, मग दुप्पट करून एक अधिक कोरिलेशनने भागा. अर्ध्या डेटात ०.६ आलं तर पूर्ण डेटासाठी ०.७५. न्यूरॉन स्वतःशीच जितका जुळतो त्यापेक्षा मॉडेलने जास्त जुळावं ही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

पायरी ६: शून्य दिशा, म्हणजे जिकडे चेहरा सरकवला तरी न्यूरॉनला फरक पडत नाही ती. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एक्झेंप्लर न्यूरॉनना लिनियर फिट लावून काय आलं बघा. अपेक्षा अशी असते की फिट वाईट येईल, कारण ते न्यूरॉन लिनियर नाहीतच. तर नाही, फिट चांगलंच येतं! नॉइज नसेल तर साधारण दोन तृतीयांश व्हेरियन्स. का ते कागदावर सुटतं. लाडक्या चेहऱ्यापासूनच्या अंतराचा वर्ग म्हणजे दिसणाऱ्या चेहऱ्याच्या लांबीचा वर्ग, वजा दोन गुणिले दोघांचा डॉट प्रॉडक्ट, अधिक एक कॉन्स्टंट. लांबीच्या वर्गाचा व्हेरियन्स ५० मितींमध्ये १००. डॉट प्रॉडक्टच्या भागाचा व्हेरियन्स, लाडका चेहरा सर्वसाधारण अंतरावर असेल तर, २००. म्हणजे ३०० पैकी २०० हा निव्वळ लिनियर भाग आहे, आणि रुंदी ७ असताना गॉसियनही त्या पट्ट्यात जवळपास सरळच असतो. लाडका चेहरा दुप्पट लांब असेल तर लिनियर भाग ८०० आणि एकूण ९००, म्हणजे ८९ टक्के. म्हणून फक्त आर-स्क्वेअर (फिटने किती व्हेरियन्स समजावला त्याचं प्रमाण) बघून 'हा ॲक्सिस न्यूरॉन आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही मोठ्या जर्नलमध्ये छापून आलेला असो.

आता फरक कुठे दिसतो? फिटमधून न्यूरॉनची दिशा मिळाली. तिला काटकोनात असणारी दुसरी कुठलीही दिशा घ्या, ५० मितींमध्ये अशा ४९ आहेत. चेहरा पहिल्या दिशेत तिथेच ठेवा आणि काटकोनातल्या दिशेत सरकवा. माणूस डोळ्यांना पूर्ण वेगळा दिसायला लागतो, पण ॲक्सिस न्यूरॉनचा रिस्पॉन्स जागचा हलत नाही, सपाट रेषा. एक्झेंप्लर न्यूरॉनचा रिस्पॉन्स दोन्ही बाजूंना पडतो, कारण कुठेही गेलात तरी लाडक्या चेहऱ्यापासून लांबच चाललात. चँग आणि त्साओ यांनी हेच तपासलं, आणि खऱ्या फेस पॅचमधल्या न्यूरॉनच्या रेषा काटकोनातल्या दिशेत सपाट निघाल्या. मला या सगळ्या विषयात सगळ्यात सुंदर वाटणारा निकाल हाच. एका न्यूरॉनसाठी पूर्णपणे सारखे असणारे, पण आपल्याला एकमेकांसारखे अजिबात न दिसणारे, असे हवे तितके चेहरे बनवता येतात.

करताना एक व्यावहारिक अडचण येते. आपल्या रुंदीच्या एक्झेंप्लर न्यूरॉनसाठी चेहरा काटकोनात ३ एककं सरकवला तर रिस्पॉन्स फक्त ९ टक्के पडतो, ५ ला २२ टक्के, ७ ला ३९ टक्के. म्हणजे उणे ३ ते अधिक ३ एवढंच बघितलं आणि नॉइज बऱ्यापैकी असेल तर एक्झेंप्लरची रेषाही सपाट भासेल आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. ७ पर्यंत जावं तर चेहरा व्यंगचित्रासारखा दिसायला लागतो. उपाय असा: एकाच दिशेवर अवलंबून राहू नका. प्रत्येक चेहऱ्याचे दोन आकडे काढा, न्यूरॉनच्या दिशेतली जागा आणि उरलेल्या ४९ मितींमधल्या लांबीचा वर्ग. मग रिस्पॉन्स या दोघांवर रिग्रेस करा. ॲक्सिस न्यूरॉनमध्ये दुसऱ्याचा गुणक शून्याजवळ येतो, एक्झेंप्लरमध्ये स्पष्ट उणे. २००० चेहऱ्यांची माहिती एकत्र आल्यामुळे नॉइजमध्येही हे पकडता येतं. हे दोनशेही न्यूरॉनवर चालवा आणि बघा पद्धत दोन जाती वेगळ्या करते का. करत नसेल तर नॉइज कमी करून, चेहरे वाढवून बघा, म्हणजे खऱ्या प्रयोगात किती चेहरे लागतील याचा अंदाजही येतो.

पायरी ७: उलटं, न्यूरॉनवरून चेहरा

फक्त ॲक्सिस न्यूरॉन घ्या. त्यांच्या रिस्पॉन्सवरून ५० आकडे सांगणारं लिनियर रिग्रेशन लावा, आणि ट्रेनिंगमध्ये नसलेला चेहरा परत बनवा. न्यूरॉन ५० पेक्षा कमी असतील तर नॉइज नसला तरी सगळ्या मिती परत मिळणारच नाहीत, चेहरा सरासरीकडे झुकतो. त्याच्या वर जितके न्यूरॉन तितका नॉइज मरतो. मूळ प्रयोगात दोन माकडांमधले २०५ न्यूरॉन होते आणि बनवलेले चेहरे मूळ चेहऱ्यांशी थक्क व्हावं इतके जुळले. त्यातच हेही दिसलं की एमएल-एमएफमध्ये आकाराची माहिती जास्त आणि एएममध्ये रूपाची जास्त, म्हणून पायरी २ मध्ये एवढा घाम गाळला.

पायरी ८: दुसरी मॉडेल

आता तेच २००० चेहरे ॲलेक्सनेट, व्हीजीजी-फेस, कॉर्नेट या चित्रं ओळखायला आधीच शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कमधून पाठवा. शेवटच्या थरांत हजारो युनिट असतात, त्यांच्यावर पीसीए लावून तेही ५० वर आणा, नाहीतर जास्त आकडे असलेल्याला फुकटचा फायदा मिळतो. २०२१ मध्ये चँग, एगर, फेटर आणि त्साओ यांनी खऱ्या न्यूरॉनवर अशीच तुलना केली, आणि आपलं साधं दोन पीसीएवालं मॉडेल बाकी सगळ्यांपेक्षा सरस ठरलं, फक्त कॉर्नेट-झेड काही चित्रांवर त्याच्या बरोबरीला आलं. गंमत म्हणजे कॉर्नेट-झेड चेहऱ्यांसाठी ट्रेन केलेलं नव्हतंच, वस्तू ओळखण्यासाठी होतं, आणि खास चेहऱ्यांसाठीचं व्हीजीजी-फेस मागे पडलं. माझं मत, 'माणूस कोण' एवढंच शिकवलं की नेटवर्क प्रकाश, हावभाव असलं बरंच काही फेकून देतं आणि मेंदू ते जपून ठेवतो. त्याच वर्षी हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी बीटा-व्हीएई नावाचं, कुठलंही लेबल न देता शिकणारं मॉडेल वापरून दाखवलं की त्यातले काही एकेकटे युनिट एकेका न्यूरॉनशी जुळतात. हेही करून बघण्यासारखं आहे, पण इथे जीपीयू लागेल.

पायरी ९: मान वळवली की

आत्तापर्यंत सगळं समोरून होतं. एफईआयमधले वळलेले फोटो आता काढा. फ्रायवाल्ड आणि त्साओ यांनी २०१० मध्ये २५ माणसं आणि डोक्याच्या ८ दिशा असे २०० फोटो दाखवले होते. तुम्हीही २५ माणसं आणि आठेक दिशा निवडा, दिशेप्रमाणे रचा, मॉडेलच्या प्रत्येक थरासाठी सगळ्या जोड्यांचं कोरिलेशन काढून २०० बाय २०० चा तक्ता रंगवा. तीन नमुने शोधायचे: कर्णावर चौकोन दिसले तर थर फक्त दिशा ओळखतोय, एमएल-एमएफसारखा. उलटा कर्णही उजळला तर डावीकडे वळलेला आणि उजवीकडे वळलेला चेहरा त्याला सारखा वाटतोय, हे एएलमध्ये दिसतं. आणि कर्णाला समांतर बारीक रेषा आल्या तर तोच माणूस कुठल्याही दिशेने ओळखू येतोय, हे एएममध्ये.

मधली आरशासारखी पायरी का असावी यावर दोन चांगली उत्तरं आहेत. लायबो, पोजिओ, फ्रायवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की डोकं फिरताना बघून हेब्बियन नियमाने (एकत्र फायर होणाऱ्या न्यूरॉनमधला दुवा घट्ट होतो) शिकणाऱ्या नेटवर्कमध्ये ती आपोआप येते, कारण चेहरा स्वतःच डावा-उजवा सारखा असतो. यिल्दिरिम, टेनेनबाउम आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये वेगळा रस्ता धरला, त्यांचं नेटवर्क फोटोवरून त्रिमितीय चेहरा, प्रकाश आणि दिशा उलट्या क्रमाने काढतं, आणि त्याच्या थरांतही हाच क्रम दिसतो. तक्ता दोघांचाही जुळतो म्हणजे तो तक्ता एकटा निवाडा करू शकत नाही, पायरी ६ सारखंच इथेही असे चेहरे शोधावे लागतील जिथे दोघं वेगळं काहीतरी सांगतात, उदाहरणार्थ खालून टाकलेला प्रकाश किंवा मुद्दाम डावा-उजवा वेगळा केलेला चेहरा.

खरे न्यूरॉन हवे असतील तर

ब्रेन-स्कोर या, मॉडेलची मेंदूच्या डेटाशी तुलना करणाऱ्या मंचाच्या माध्यमातून मजाज आणि हाँग यांच्या २०१५ च्या प्रयोगाचा डेटा मिळतो, आयटीमधल्या १६८ जागा, आठ प्रकारच्या वस्तू, त्यातला एक प्रकार चेहरे. इलेक्ट्रोड खास फेस पॅचमध्ये घातलेले नव्हते आणि चेहरेही मोजकेच आहेत, त्यामुळे ५० अक्षांचं फिट इथे झेपणार नाही, पाच-सहा अक्षांवर थांबा. पण एक प्रश्न इथे छान विचारता येतो: चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देणाऱ्या जागा निवडा, त्यांचं मॉडेल फक्त खुर्च्या, गाड्या, फळं यांच्यावर फिट करा, आणि चेहऱ्यांवर तपासा. विंकन, कोंकल, लिव्हिंगस्टन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये याच धर्तीवर दाखवलं की वस्तूंवरच्या रिस्पॉन्सवरून न्यूरॉन चेहऱ्याला किती प्राधान्य देतो हे बऱ्यापैकी सांगता येतं. तसं असेल तर आपले ५० अक्ष हे चेहऱ्यांच्या वेगळ्या अवकाशाचे नसून वस्तूंच्या मोठ्या अवकाशाचा एक काप असू शकतात. हे तपासायला पायरी ८ मधलं ॲलेक्सनेट घ्या, वस्तूंच्या चित्रांवरून त्याचे मोजके अक्ष काढा, चेहरे त्याच अक्षांवर टाका आणि पायरी ६ मधलं दोन आकड्यांचं रिग्रेशन परत चालवा.